चौकटीतला मजकूर

सोमवार, ९ ऑगस्ट १९९९

पाणी भरून झालं होतं, पीठ परातीत काढलं होतं, आणि चूल पेटवायला कागद हवा म्हणून मी कोनाड्यातला गठ्ठा ओढला. हे प्रेसमधून वाया गेलेली प्रुफं घरी आणायचे. लांब पट्ट्या, एकाच बाजूला छापलेल्या, कडेला लाल शाईच्या खुणा. त्या सकाळी पट्टी चुलीत सारताना एका अक्षरावर नजर पडली आणि ते अक्षर मला कळलं. माझ्या नावातलं पहिलं. पट्टी बाहेर ओढली, टोक विझवलं आणि पदराखाली घातली. भाकऱ्या उशिरा झाल्या. हे जेवले आणि सायकल काढून गेले. मग मी धुणं धुतलं, शेण काढलं, आणि दुपारी ती पट्टी पुन्हा बाहेर काढली. वर्षभराने यांना कळलं की मला वाचता येतं. तोवर मी त्यांच्या चुकांसकट सगळं वाचलेलं होतं.

हे आज आठवलं, कारण आज मला नोकरी लागली आणि ती वाचायचीच आहे.

नगरला आबासाहेबांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. टायपिंगची मशिनं आता झाकून भिंतीला लावलीत आणि मधे तीन कॉम्प्युटर आहेत. एका साप्ताहिकाचे दोन-अडीच वर्षांचे अंक सीडीवर घालायचं काम त्यांनी घेतलंय. हे त्याच साप्ताहिकाच्या प्रेसमध्ये कंपोझिटर होते, छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचे. आबासाहेब त्यांना ओळखत. “रंभाजी कंपोझिटरची बायको म्हणजे वाचणार,” असं म्हणून त्यांनी मला घेतलं. कॉम्प्युटरमधून निघालेला कागद आणि छापील अंक शेजारी ठेवायचे आणि जिथे फरक दिसेल तिथे लाल खूण करायची.

हे गेल्याला वर्ष झालं. आम्हाला मूल नाही. धाकटे दीर, गोरक्ष भावजी, बेलापूरला राहायला या म्हणून मागे लागलेत. दसऱ्यापर्यंत माझं काही जमलं नाही तर केडगावची खोली सोडून तिकडे जायचं, असं मी कबूल केलंय. भावजी माणूस चांगला. पण तिकडे महिनाभर राहून आले तेव्हा पुस्तक उघडलं की कोणीतरी येऊन विचारायचं, “बरं न्हाई का?” मला इथेच राहायचंय. आता काम आहे, तर राहता येईल.


गुरुवार, १२ ऑगस्ट

प्रोग्राम लिहिणारी मुलगी आहे, कैनात. तेवीस-चोवीसची असेल. मुकुंदनगरहून लुनावर येते. मला पहिल्याच दिवशी मावशी म्हणायला लागली.

तिला विचारलं की पान तर छापलेलं आहे, मग ते बाहेर काढायचं म्हणजे काय. तिने सांगितलं ते असं. साप्ताहिक कॉम्प्युटरवर जुळायला लागलं तेव्हापासून पानं पीडीएफ करून ठेवलीत. पीडीएफ म्हणजे पान जसं दिसतं तसंच्या तसं बांधून ठेवलेलं. दिसतं, छापता येतं, पण आतला शब्द सुटा होत नाही. तो सुटा करायचा, म्हणजे कुणी ‘टँकर’ असं शोधलं की टँकरच्या सगळ्या बातम्या समोर येतील.

“हे तू करतीस?”

“मी कुठली करते मावशी! बाहेरच्या कंपनीची तयार लायब्ररी आहे, म्हणजे आयता लिहिलेला प्रोग्राम. पान फोडायचं अवघड काम ती करते. मी फक्त तिला हाक मारायचा प्रोग्राम लिहिते.”

“हाय कुठं ती?”

“खरं काम करणारा भाग पुण्याला, मोठ्या मशीनवर. आपल्याकडे तिचा मागणारा भाग आहे. आपण फोनच्या लाइनवरून पान पाठवायचं. ती अक्षरं परत पाठवते, आणि कुठलं अक्षर पानावर कुठे बसलं होतं तेही सांगते.”

“मधी कुनी फोन उचलला तर?”

“तर अर्धं पान हवेत.”

तेवढ्यात आतल्या खोलीत आबासाहेबांनी फोन उचललाच. कैनातने कपाळावर हात मारला. पान पुन्हा पाठवलं.

आलेली अक्षरं इंग्रजी होती. एबीसीडी, कंस, टिंबं, सगळ्याचा चिवडा. मी म्हटलं, हे तर मराठी पान होतं. ती म्हणाली की जुळवताना जो फॉन्ट वापरलाय तो वरून मराठी दिसतो, आतून इंग्रजीच आहे. कुठल्या इंग्रजी खुणेखाली कुठलं मराठी अक्षर दडलंय याचा तक्ता आपल्यालाच करावा लागेल.


बुधवार, १८ ऑगस्ट

तक्ता चालू आहे. मी छापील पानावर बोट ठेवून अक्षर सांगते, ती खूण शोधून लिहिते. जोडाक्षरं फार त्रास देतात. वेलांट्या भलत्याच अक्षराला जाऊन चिकटतात. कैनात म्हणते, नवीन सुनेसारखं आहे, कुणाच्या शेजारी बसायचं ते कळत नाही. मी म्हटलं, तुला काय माहीत सुनेचं. ती म्हणाली, भाभ्या आहेत ना दोन.


मंगळवार, २४ ऑगस्ट

आज पहिल्यांदा सगळं पान मराठीत आलं. शब्द सगळे नीट, पण पान दोन रकान्यांचं असलं की लायब्ररी आडवं वाचत जाते. डाव्या रकान्यातली अर्धी ओळ आणि उजव्यातली अर्धी, मिळून एक. डावीकडे सरपंचाची निवड होती, उजवीकडे कांद्याचे भाव. आलं ते असं : ‘नवनिर्वाचित सरपंचांचा ग्रामस्थांनी गोणीमागे दर पाडल्याने उत्पादकांत नाराजी.’

मी लाल खूण केली. कैनातने वाचलं आणि खुर्चीतून पडायची राहिली. आबासाहेब बाहेर आले. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, “यात चूक काय आहे?”

घरी आल्यावर लंकाबाईंना सांगितलं. लंकाबाई म्हणजे माझ्या घरमालकीण. त्यांना वाचता येत नाही, पण बातम्या सगळ्या हव्या असतात. त्या एवढ्या हसल्या की म्हशीने मान वळवून बघितलं.


शनिवार, २८ ऑगस्ट

रकाने सुटले. अक्षर पानावर कुठे आहे ते लायब्ररी सांगतेच. त्यावरून कैनातने मधली रिकामी पट्टी शोधली आणि आधी डावा रकाना, मग उजवा, असं बसवलं. सकाळी माझी खूण होती, दुपारी ती चूक नव्हती.

आज मी एक गोष्ट केली आणि ऐकून घेतली. एका बातमीत गावाचा तालुका चुकलेला होता. ते नेवासा तालुक्यातलं गाव शेवगावात लिहिलेलं. मी लाल शाईने तालुका बदलला. कैनातने कागद परत आणून दिला.

“मावशी, पानात काय आहे?”

“पानात चुकीचं हाय.”

“मग आपल्याकडेही चुकीचंच यायला हवं. पान बदलायचं काम आपलं नाही. जसं पानात तसं.”

मला ते पटलं नाही. पण कामाचा नियम आहे.


सोमवार, ६ सप्टेंबर

निवडणुकीच्या जीपगाड्यांनी रस्ता भरून गेलाय. दोन वेळा फोनची लाइन तुटली.

लाल खुणा कमी व्हायला लागल्यात. पहिल्या आठवड्यात कागद गोवर आल्यासारखा दिसायचा. आज एका अंकाला मोजक्याच खुणा. कैनात म्हणाली की मी खूण करते म्हणून तिला नियम सापडतो, आणि एक नियम सापडला की तसल्या सगळ्या चुका एकदम जातात. ऐकून बरं वाटलं. मी कधी काही सुधारलंय असं मला कोणी म्हटलं नव्हतं.

आबासाहेबांनीही कागद बघितले. खुशीत होते. म्हणाले, “चुका आहेत तोवर तुम्ही आहात, बनाबाई. चुका संपल्या की तुम्हाला सुट्टी.” मी हसले. कैनात हसली नाही. तिला विनोद उशिरा कळतात.

दुपारी डबा खाताना तिने विचारलं की काम संपल्यावर मी काय करणार. मी बेलापूरचं सांगितलं. तिथे काय आहे, असं तिने विचारलं. म्हटलं, घर आहे, गोठा आहे, जाऊबाई आहे, पोरं आहेत, सगळं आहे.

“मग जायला काय हरकत आहे?”

“तिथं सगळं हाय, मी न्हाई.”

डब्यातली शेवटची फोड तिने मला दिली.


शुक्रवार, १० सप्टेंबर

नवीन चूक सापडली. चौकटीतला मजकूर येतच नाही.

पानावर भोवती रेघ मारून जी चौकट केलेली असते, ती प्रोग्राम सोडून देतो. साप्ताहिकवाल्यांनी जाहिराती घेऊ नका म्हणून सांगितलंय आणि जाहिराती चौकटीत असतात, म्हणून कैनातने चौकटी वगळल्या होत्या. पण निधनवार्ताही चौकटीतच असतात, आणि त्या घ्यायच्यात असं ठरलेलं आहे. म्हणजे अंकागणिक गेलेली सगळी माणसं गळतायत.

मी खुणा केल्या. कैनात म्हणाली, “अरे हो. बघते. दोन दिवसांत करते.”

यांची वार्ताही त्या साप्ताहिकात आली होती, गेल्या वर्षीच्या जूनमध्ये. तो अंक अजून आमच्या हाताखालून गेलेला नाही.


सोमवार, २० सप्टेंबर

चौकटी नाहीत. पुन्हा खुणा केल्या.

“आहे लक्षात, मावशी.”

परवा आकड्यांचे तक्ते वाकडे यायचे, ते तिने चहा निवायच्या आत सरळ केले. मग हेच का राहतंय कळत नाही. मला वाटलं हिच्या लग्नाचं चाललं असावं, लक्ष लागत नसावं. विचारलं.

“माझं लग्न? अम्मीला विचारा. तिला समजलं की मलाही सांगा.”


बुधवार, २९ सप्टेंबर

आज जून अठ्ठ्याण्णवचा अंक आला.

पान चार. वर पाणीपुरवठ्याची बातमी, खाली शाळेचा दहावीचा निकाल, मधे उजव्या हाताला चौकट. कॉम्प्युटरच्या कागदावर पाणीपुरवठा बरोबर आला, निकाल बरोबर आला. चौकट आली नाही. वरची ओळ खालच्या ओळीला जाऊन मिळाली. मधे कोणी नव्हतंच असं.

मी चौकटीला लाल खूण केली. बाकीच्या चौकटींना करते तशीच.

कैनातला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने ती एक घेतली असती, आणि मग ते मागून घेतल्यासारखं झालं असतं. घ्यायच्या तर सगळ्या घ्याव्यात.


गुरुवार, ३० सप्टेंबर

चौकटी नाहीत.


मंगळवार, ५ ऑक्टोबर

काम लवकर आटोपलं. घरी आले तर गोरक्ष भावजी ओट्यावर बसलेले आणि लंकाबाई त्यांच्याशी भांडत होत्या. दोघांचंही त्यात मन रमलेलं दिसलं.

“आवो, भाडं येळेवर देती, कुनाच्या अध्यात न्हाई. कशापायी न्हेताय तिला?”

“वैनी हाय ती माझी. लोकं मला इचारत्यात, भाऊ गेला आन् भावजयीला वाऱ्यावर सोडली व्हय रं?”

“लोकांना सांगा, वाऱ्यावर न्हाई, केडगावात हाय.”

भावजींनी पेरू आणले होते. मला म्हणाले, “वैनी, जबरदस्ती न्हाई. पर काम टिकलं तर रहा, न्हाई तर पडवीतली खोली मी मोकळी करून ठेवलीया. युरियाची पोती काढली.”

“काम हाय अजून.”

“किती दिस?”

चुका आता फार राहिलेल्या नाहीत हे मी त्यांना सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की ही काही चांगली बातमी नाही. आबासाहेबांचा तो विनोद नव्हता.

भावजी चहा घेऊन गेले. जाताना ओट्याची एक हललेली फरशी पायाने दाबून बसवली.


सोमवार, ११ ऑक्टोबर

आबासाहेबांनी तारीख दिली. दिवाळी अंकाबरोबर सीडी निघणार, म्हणून या आठवड्यात सगळं पुण्याला गेलं पाहिजे. एवढ्या चुका कमी झाल्यात की आता तपासायची गरज नाही, असंही म्हणाले.

मी चौकटींचं काढलं.

“ऱ्हाऊ द्या हो, बनाबाई. सीडीत निधनवार्ता कोण बघतंय? पुढच्या सीडीत बघू.”

मी कैनातकडे बघितलं. चौकटी घ्यायच्याच असं साप्ताहिकवाल्यांशी ठरलंय, हे तिलाच जास्त माहीत. ती म्हणाली, “चालेल सर. पुढच्या वेळी घेऊ. तेव्हा मावशींनाही बोलवावं लागेल.”

मला राग आला. हुशार मुलगी आहे आणि काम अर्धं टाकतेय. दिवसभर तिच्याशी बोलले नाही. तिने संध्याकाळी चहा आणून ठेवला, तो घेतला, पण बोलले नाही.


बुधवार, १३ ऑक्टोबर

संध्याकाळी लंकाबाई शेंगा फोडत होत्या. मीही बसले. कैनातचं सगळं सांगितलं. आकड्यांचे तक्ते कसे चहा निवायच्या आत केले आणि चौकटी महिनाभर कशा करत नाही. आबासाहेब काय म्हणाले, तीही काय म्हणाली.

लंकाबाईंनी शेंग फोडायची थांबवली.

“मंजी चूक हाय तवर तुला काम हाय?”

“व्हय.”

“आन् हे त्या पोरीला ठावं हाय?”

“तिच्यासमोरच बोलले आबासाहेब.”

“आन् बेलापूरचं तिला सांगितलंस तू.”

“सांगितलं की.”

“येडी का खुळी गं तू बनाबाई? आमचा मोटारवाला बघ. येतो, हिरीवरची मोटार दुरुस्त करतो, आन् जाताना एक नट ढिला ठेवतो, मी पुन्यांदा बोलवावं म्हनून. ही पोरगी तेच करतीया. तो सोतासाठी ठेवतो, ही तुझ्यासाठी ठेवती. एवढाच फरक.” मग पुन्हा शेंगा घेतल्या. “गप बस आन् खुणा करीत ऱ्हा. वाचायला येतंया तुला, पर मानूस वाचता येईना.”

मी पुढची शेंग फोडली.


गुरुवार, १४ ऑक्टोबर

सकाळी आबासाहेब बाहेर होते. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

“कैनात, चौकटींचं काम किती हाय?”

“आहे थोडं.”

“थोडं मंजी?”

ती स्क्रीनकडे बघत राहिली. “चार ओळी. चौकटीत पहिला शब्द ‘निधन’ किंवा ‘दुःखद’ असेल तर ती घ्यायची. झालं.” मग माझ्याकडे वळली. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“लंकाबाईनं.”

“घरमालकीण? त्यांना कॉम्प्युटर येतो?”

“न्हाई. तिच्या हिरीवर मोटार हाय.”

तिला काही कळलं नाही, पण ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. म्हणाली, श्रीरामपूरच्या एका साप्ताहिकाचं काम दिवाळीनंतर येणार आहे. तोवर तिला मला कसंतरी इथे धरून ठेवायचं होतं. सीडी लवकर जाईल हे तिला माहीत नव्हतं.

“येनार हाय असं कोन म्हनतं?”

“सर म्हणतात.”

“सर दर आठवड्याला म्हनत्यात.”

“तेही खरं.”

मी म्हटलं, “आता कर त्या चार ओळी.”

“मग पुढच्या सीडीला काम उरणार नाही. तुम्ही बेलापूरला जाल.”

“जाईन.”

“तुम्हाला जायचं नाहीये.”

“न्हाई.”

“मग कशाला मावशी? कोण बघणार आहे त्या चौकटी? सर म्हणाले तेवढं एक बरोबर होतं.”

“ज्याची चौकट हाय तो बघंल.”

मग तिने की-बोर्ड पुढे ओढला.

इथे एक लिहून ठेवते. चौकटींत हे नसते तर मी तिला करायला सांगितलं असतं का? मला सांगता येत नाही. लंकाबाईंचं ऐकून खुणा करत राहिले असते, असंही वाटतं. सगळ्या घ्याव्यात म्हणते मी, पण रात्रभर डोळ्यांसमोर एकच होती.


शुक्रवार, १५ ऑक्टोबर

सगळे अंक पुन्हा पुण्याला पाठवले, पुन्हा आले. चौकटी आल्या. खूप माणसं आहेत. निवृत्त शिक्षक, पैलवान, एक सुईण, एक हमाल, अपघातात गेलेली मुलं. मी अंक लावून बघत गेले. वेळ कमी होता म्हणून कैनात स्क्रीनवरून मोठ्याने वाचत होती आणि मी छापील पानावर बोट ठेवून ऐकत होते.

जून अठ्ठ्याण्णव, पान चार.

“दुःखद निधन. केडगाव येथील जुने मशीनमन रंभाजी सखाराम साळवे यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्यामागे पत्नी बनाबाई,” आणि ती थांबली.

मी म्हटलं, “भाऊ, भावजय, पुतणे असा परिवार आहे. वाच पुढं.”

“मावशी, हे तुमचे?”

“व्हय.”

“तुम्ही बोलला का नाहीत? महिनाभर खुणा करत होतात. मी पहिल्याच दिवशी…”

“म्हनूनच न्हाई बोलले.”

तिने मजकूर पुन्हा वाचला, मनातल्या मनात. “पण मशीनमन कुठे होते ते? सर तर कंपोझिटर म्हणतात.”

“कंपोझिटरच. मशीनमन छापतो. हे जुळवायचे. पेपरात कुनीतरी चुकलं.” आयुष्यभर दुसऱ्यांची नावं खिळा खिळा जुळवली. यांच्या वेळेला खिळेच नव्हते, कॉम्प्युटरवर कुठल्यातरी पोराने लिहून टाकलं. तेव्हा मी अंक घेऊन प्रेसमध्ये जाणार होते. गेले नाही.

कैनातने दाराकडे बघितलं. “बदलू? आत्ता बदलते. एका शब्दाचं काम आहे, कुणाला कळणारही नाही.”

खरंच एका शब्दाचं होतं. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचा हात की-बोर्डवर होता.

“पानात काय हाय?” मी विचारलं.

“मशीनमन.”

“मग बरोबर हाय.”

तिने हात काढून घेतला. मी अंकावर बरोबरची खूण केली आणि पान उलटलं. पुढची चौकट बेलवंडीच्या एका बाईंची होती.


सोमवार, १८ ऑक्टोबर

सीडीचं सगळं पुण्याला गेलं. आबासाहेबांनी माझा हिशोब केला. श्रीरामपूरचं काम आलं की पहिलं मला बोलवतील म्हणाले. साप्ताहिकवाल्यांनी चौकटी बघून त्यांची वाहवा केली, तेही त्यांनी मला सांगितलं, खुशीत. कैनात खाली रस्त्यापर्यंत आली. लुनाला टेकून उभी राहिली. “मावशी, फोन करा,” म्हणाली. मी म्हटलं, करीन, पण तुझं पान अर्धं हवेत जाईल. यावेळी विनोद तिला लगेच कळला, पण ती हसली नाही.

उद्या दसरा, धम्मचक्र दिन. वंदनेला जाईन. मग भावजींना निरोप.


सोमवार, २५ ऑक्टोबर, बेलापूर

शनिवारी टेम्पो आला. सामान थोडंच होतं. लंकाबाई बाहेर आल्या नाहीत. आतूनच ओरडून म्हणाल्या, “खोली कुनाला देनार न्हाई मी संक्रांतीपत्तोर. नंतरचं माज्याबी हातात न्हाई.” भावजींनी मला पुढे बसवलं. राहुरीला चहा पाजला.

पडवीतली खोली झाडून, सारवून ठेवली होती. युरियाचा वास अजून आहे. जाऊबाईने नवीन चादर घातली होती. पोरं भोवती जमली, माझी पुस्तकं काढून बघितली आणि चित्रं नाहीत म्हणून ठेवून दिली. संध्याकाळी मी जरा वाचायला बसले. दार नुसतं लोटलेलं असतं. जाऊबाई आली आणि म्हणाली, “बरं न्हाई का, आक्का?” बरं आहे म्हटलं. ती गेली. थोड्या वेळाने थोरला पुतण्या आला, मग धाकटा, मग भावजी, काही हवं का विचारायला. सगळे प्रेमाने आले होते. मी पुस्तक मिटून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुताराला बोलावून आणलं आणि दाराला आतून कडी बसवून घेतली.